तीन नंबर मशीन रिकामं करण्याबाबत

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मिथुन दुसऱ्यांदा गेला. ह्या वेळी ताप नव्हता, हुडहुडी नव्हती, गडचिरोलीपर्यंतची जीप नव्हती. एका बाईनं एक बटण दाबलं आणि संपलं. घरचं एक माणूस हजर होतं, त्याची तोंडी परवानगी घेण्यात आली होती.

असं काही झालेलं नाही. आज सोमवार आहे. मंगळवार अजून यायचा आहे, आणि तो आला तरी त्यात दोन वाजून दहा मिनिटं असतीलच असं नाही.

सोमवारी सकाळी प्रवीण कुरखेड्याच्या दुकानाचं शटर वर करायला आला तेव्हा पेंटर शिडीवर चढून बसला होता. पाटीवर आधीचं 'झेरॉक्स, लॅमिनेशन, जातीच्या दाखल्याचे फॉर्म' होतं, त्याच्याखाली लाल रंगात 'उद्यापासून येथे नवा ब्राउझर मिळेल' एवढं लिहून झालं होतं आणि उरलेल्या जागेत पेंटर आपल्या मनानं मोर काढत होता. प्रवीणनं 'उद्यापासून' हा शब्द दोनदा वाचला. पाय अवघडून बधिर झाला की हात लावल्यावर तो दुसऱ्याच कुणाचा तरी पाय वाटतो, तसं त्याला झालं. काहीतरी लागलं, पण ते आपल्याला लागलं की शेजारच्याला, हे कळेना. पेंटरनं वरून विचारलं, ब्राउझर म्हणजे नक्की काय, म्हणजे मोराच्या चोचीत तेच देता येईल. प्रवीण म्हणाला की ती खिडकी असते, इंटरनेट तिच्यातून दिसतं, जुनी खिडकी होती, आता नवी येणार. पेंटरनं जरा विचार केला आणि चोचीत खिडकी दिली. ती बरीचशी लॉटरीच्या तिकिटासारखी झाली होती.

दुकान गुणवंतरावांचं. त्यांनी महिनाभरापूर्वी पेपरात वाचलं होतं की नवा ब्राउझर येतो आहे, आणि जगभरातले लोक एकाच दिवशी, ठरलेल्या वेळेपासून तो आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेणार आहेत, म्हणजे विक्रम होईल. आधी नाव नोंदवायचं होतं. जगाचा एक नकाशा होता आणि ज्या देशात जास्त नावं तो देश जास्त गडद. गुणवंतरावांनी नकाशात कुरखेडा शोधला, नागपूरही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी मनावर घेतलं. वेळ मंगळवार दुपारी अडीचची होती. तिकडं त्या वेळी पहाट असते म्हणे, आणि गुणवंतरावांना त्या लोकांचं फार कौतुक वाटलं, पहाटे उठून आपल्यासाठी ब्राउझर सोडतात. त्यांनी ही बातमी बसस्टँडवर सांगितली, भाजीबाजारात सांगितली, न्हाव्याकडं सांगितली, आणि आठ दिवसांत ती वाटपाची बातमी झाली. ह्यात कुणाची चूक नव्हती. ह्या भागात नवीन जे काही वरून येतं ते वाटपालाच येतं. मच्छरदाण्या आल्या, निर्धूर चुली आल्या, मग ब्राउझर आला. वीटभट्टीवरचा झिंगू राशनकार्डाची झेरॉक्स घेऊन हजर झाला आणि बीपीएलला किती भेटते असं त्यानं विचारलं. गुणवंतराव म्हणाले, माणशी एक, सगळ्यांना सारखा. झिंगू म्हणाला, "मंग चार लिहा. बुढीचा बी लिहा, थे घरातच राह्यते, तिले जास्त कामी पडन." तेव्हापासून यादी सुरू झाली. मागच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या सत्यशीलाबाईंनी ती अनुक्रमांक घालून दुहेरी टाइप केली. यादी नसेल तर गोष्ट खरी नसते असं त्यांचं मत होतं. सोमवारपर्यंत दोनशे बारा नावं झाली होती, त्यातली तीन मयत होती, कारण राशनकार्डावर ती अजून होती.

चौथं लिहिता आलं असतं. प्रवीणच्या घरच्या राशनकार्डावरसुद्धा मिथुन होता.

प्रवीण ह्या दुकानात अनुकंपा तत्त्वावर लागला होता. सरकारी खात्यात बाप गेला की पोरगा लागतो. इथं धाकटा भाऊ गेला आणि थोरला लागला. गुणवंतराव मिथुनच्या तेरवीला जेवायला आले होते आणि हात धुता धुता, टॉवेल शोधत, कुणाकडंच न बघता म्हणाले होते की काउंटर रिकामा आहे. दुसऱ्या सोमवारी प्रवीण काउंटरवर होता. दुकानात तीन मशीनं. एक नंबर आणि दोन नंबर गिऱ्हाइकांची. तीन नंबर काउंटरचं, म्हणजे मिथुनचं. त्याच्यावर दोन वर्षं दुसऱ्या कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि टेलिफोनची तार सरळ त्याच्यातच येत असल्यानं तेच सगळ्यात जोरात चालायचं. प्रवीणनं पहिल्या आठवड्यात त्याच्यावर निकाल बघायला म्हणून शोधायच्या चौकटीत एक अक्षर दाबलं, 'ए', आणि त्या अक्षराखाली एक पडदा उघडला. 'अमरावती आयटीआय ॲडमिशन.' 'अगरबत्ती मशीन प्राइस.' 'ॲव्हरेज हाइट ऑफ इंडियन मॅन.' मिथुन ठेंगणा होता. ते त्याला सलत होतं हे प्रवीणला तेव्हा कळलं, एका खोलीत एकवीस वर्षं झोपून झाल्यावर. ब्राउझरला सवय असते, आधी जे लिहिलं ते पुन्हा पुढं करायची. चहावाला विचारतो ना, नेहमीचाच का, तसं. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की ते गिऱ्हाईक आता येत नाही.

त्या दिवशी प्रवीणनं दुसरं अक्षर दाबलं नाही. त्यानं गुणवंतरावांना सांगितलं की तीन नंबरच्या कीबोर्डाची स्पेस अडकते, गिऱ्हाइकांचं काम मी दोन नंबरवर करत जाईन. आणि मग दर गुरुवारी, मिथुनला गुरुवारी ताप भरला होता म्हणून, तो एक अक्षर दाबायचा. आठवड्याला एक. 'बी'खाली जगातला सगळ्यात मोठा मासा होता. 'सी'खाली क्रिकेट. 'डी'खाली नुसतंच 'दिव्यानी', पुढं काही नाही, मागं काही नाही. जणू इंटरनेटवर नाव टाकलं की ती पोरगी उठून येईल. ही दिव्यानी बाजाराच्या दिवशी आईबरोबर मुरमुऱ्याच्या दुकानावर बसायची. प्रवीण तिच्याकडून एकदा पावशेर मुरमुरे घेऊन आला. 'एच'खाली 'हाऊ टू टॉक इंग्लिश इन सेव्हन डेज' होतं आणि त्याच्याखाली नुसतं 'हाऊ टू टॉक'. 'के'खाली 'कुरखेडा'. कुरखेड्यात बसून त्यानं कुरखेडा शोधला होता. 'एम'खाली मिथुन राशीचं आजचं भविष्य, आणि मिथुनची रास कन्या होती. दोन वर्षं तो दुसऱ्याच लोकांचं भविष्य वाचत होता. त्यात तब्येत जपावी असं कधी लिहून आलं असेल तर ती दुसऱ्यांनी जपली असेल. 'ओ'खाली काही नव्हतं. त्या गुरुवारी प्रवीणला घरी गेल्यावर जेवण गेलं नाही, आणि आईनं, गोकुळानं, विचारलं तेव्हा तो म्हणाला की गॅस झाले.

'ओ'नंतर 'पी' होता. प्रवीणनं बोट 'पी'वर नेलं आणि पुढं 'क्यू'वर टाकलं. का, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. 'पी'वरून पोल्ट्री फार्म असू शकत होतं. पोलीस भरती होतं. ॲव्हरेज हाइटनंतर तेच असायला पाहिजे. 'पी'वरून पायल होती, चुलतबहीण, तिचं लग्न ठरत होतं. 'पी'वरून प्रवीण होतं. भाऊ भावाला इंटरनेटवर कशाला शोधेल, तो चार हातांवर झोपलेला असतो. पण ज्यानं बसल्या जागेचं गाव शोधलं तो काय शोधेल ह्याचा नेम नव्हता. शोधला असेल तर काय म्हणून? नुसतं नाव? की नावापुढं काही? गुरुवारी संध्याकाळी मिथुन अंगावर गोधडी घेऊन दारात बसला होता आणि म्हणाला होता, दादा, हाडं दुखून राह्यली. प्रवीण तेव्हा सायकलची चेन बसवत होता. तो म्हणाला, गोळी घे अन् झोप, उतरते. एवढंच. त्यानं मान वर करून पाहिलं नव्हतं. चेन बसली. ताप उतरला नाही. शनिवारी जीपमध्ये मिथुनचं डोकं त्याच्या मांडीवर होतं, डोळे उघडे होते आणि पांढऱ्यात पिवळं होतं, आणि आरमोरी गेल्यावर तो एकदम नीट आवाजात म्हणाला, "मशीन बंद केली का?" प्रवीण म्हणाला, केली. ते केलेलं नव्हतं. चार दिवस ते चालूच होतं, मिथुनला घरी आणून, नेऊन, सगळं आटोपून लोक परत गेले तरी चालू होतं, मग लाईट गेली.

तर 'पी' राहिला. मेच्या मध्यात 'झेड' संपला (झिंग्यांचा भाव, नागपूर), आणि प्रवीणकडं एक अक्षर शिल्लक होतं. ते दाबलं नाही तोवर मिथुनचं काहीतरी यायचं बाकी आहे, असा हिशेब होता. असा हिशेब कुणाला सांगता येत नाही, आणि तो सांगायचा विचारही नव्हता. तेवढ्यात गुणवंतरावांनी पेपर वाचला. नवा ब्राउझर तीन नंबरवर टाकायचा, जुना काढायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि प्रवीणनं मान हलवली. मान त्याची सात महिन्यांत चांगली सुटी झाली होती. त्यानं फक्त आपल्यापुरतं वेळापत्रक केलं. अडीच वाजता नवा येणार. सव्वादोन वाजता 'पी'. सगळं कुरखेडा अडीचची वाट पाहत होतं, तो सव्वादोनची. पंधरा मिनिटांचा तर फरक, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक त्याला विचारायचे, काय म्हणते ब्राउझर, येते का नाई, आणि तो म्हणायचा, येते. त्याच्या तळहाताला त्या दिवसांत घाम यायचा. बाकी अंगाला काही होत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी जेवताना बापानं, दादाजीनं, विचारलं की बाजारात लोक म्हणून राह्यले ते काय आहे. दादाजी गावच्या मच्छीमार सोसायटीत तीस वर्षं होता. तलावातलं नसलेलं काही त्याला समजावायचं तर ते तलावात आणावं लागे. प्रवीणनं आणलं. म्हणाला, जुनं आहे ते जाणार, नवं येणार, एकाच टायमाले सगळी दुनिया टाकणार. दादाजी घास हातात धरून थांबला. मग तो म्हणाला की मंग तलावात मासळीचं बीज टाकण्यासारखंच झालं. आणि लगेच, कारण ती त्याची सवय होती, पुढचं म्हणाला: "जुनी मासळी पूर्ण काढली का पण? एक बी राह्यली तं बीज खाऊन टाकते." जूनमध्ये तलाव गुडघ्याएवढा होतो तेव्हा अख्खी सोसायटी एकाच दिवशी उतरते, त्याच्या आधी कुणी पायाचं बोटसुद्धा बुडवत नाही. जाळ्यांनी निघते ती निघते. मग म्हातारी माणसं चिखलात बसून मुळांमध्ये, दगडांखाली, हातानं चाचपत शेवटची मरळ काढतात. मरळ चिखलात दम धरून राहते. एक मागं राहिली तर पाऊस पडल्यावर सोडलेलं बोटभरसुद्धा नसलेल्या पिल्लांचं बीज दोन महिन्यांत फस्त. मिथुन दहा वर्षांचा होता त्या साली त्यानं चिखलात एक मरळ चाचपली, हाताला लागली, आणि तिनं बोट चोखल्यासारखं केलं म्हणून त्यानं ती सोडून दिली आणि वर येऊन सांगितलं, काई नाई तिथी. त्या साली सोसायटीच्या हाती काही लागलं नाही. दादाजीनं पोराला मारलं नाही. फक्त दर वर्षी, तलावाच्या पाळीवर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तो म्हणायचा की एक बी शिल्लक नको. आणि मिथुन दर वर्षी हसायचा. काहीतरी शिल्लक ठेवायची खोड त्याला होती. ताटात, दप्तरात, बोलण्यात.

"काढतो न बाबा," प्रवीण म्हणाला. दादाजीनं घास तोंडात घातला. खुंटीवर मिथुनचं जाळं होतं. ते ऑक्टोबरपासून कुणी भिजवलं नव्हतं, आणि उतरवलंही नव्हतं. जेवताना तिघंही त्याच्याकडं पाठ करून बसत, त्यासाठी घरातली पाटांची जागा बदलली होती. पण ती बदलली असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

आता मंगळवार टाळता येत नाही.

मंगळवारी ऊन असं होतं की दोनशे बारा लोकांपैकी साठेक आले तेच दुकानापुढच्या चिंचेखाली मावले आणि उरलेल्यांनी जागा नाही म्हणून घरी राहणं पसंत केलं. प्रत्येकाच्या हातात राशनकार्ड. दोघांनी पिशव्या आणल्या होत्या. झिंगूनं बुढीला आणलं होतं, अंगठा लावायचा असेल तर पंचाईत नको म्हणून. गुणवंतरावांनी नारळ आणला होता आणि तो कशावर फोडायचा ह्यावर चर्चा चालू होती. दीड वाजता दादाजी सायकलवरून सहा किलोमीटर आला, धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा. तो ह्या दुकानात पहिल्यांदाच येत होता. मिथुन होता तेव्हा आला नाही, गेल्यावर आला नाही. प्रवीणनं त्याला काउंटरच्या आत खुर्ची दिली. दादाजी तीन नंबरच्या पडद्याकडं बघत बसला, पाण्याकडं बघतो तसा, म्हणजे वर काय आहे ते सोडून. एक चाळीसला लाईट गेली. बाहेर लोक म्हणाले, लाईट गेली, आणि आत गुणवंतराव म्हणाले, लाईट गेली, आणि प्रवीणला एकदम मोकळं वाटलं. गेली तर गेली. आज नाहीच. पण गुणवंतरावांना विक्रमात भाग घ्यायचा होता. राइस मिलमध्ये ट्रॅक्टरची बॅटरी होती, इन्व्हर्टरला लावता आली असती, आणि ती आणायला जाणार कोण, तर प्रवीण. त्यानं घड्याळ पाहिलं. जायला दहा, यायला पंधरा. सव्वादोनच्या आत होत होतं.

मिलमधली बॅटरी ट्रॅक्टरमध्येच होती आणि ट्रॅक्टर शेणखत टाकायला गेला होता. प्रवीण ट्रॅक्टरची वाट बघत मिलच्या सावलीत उभा राहिला. त्यानं मनात 'पी' दाबून पाहिला. पडदा उघडला नाही; मनातल्या मशीनलाही लाईट नसावी. दोन वाजून पाच मिनिटांनी मिलचा पट्टा एकदम हलला आणि कोंडा उडाला. लाईट आली होती. बॅटरीची गरज संपली होती, आणि तो सायकलवर बसला. उन्हात डांबर मऊ झालं होतं, चाक चिकटत होतं. घाई आहे असं त्याला वाटत नव्हतं. घाई आहे हे त्याला माहीत होतं, एवढंच.

तो नसताना झालं ते फार नीट झालं, नंतर चार जणांनी चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा तसंच. लाईट आली. गुणवंतराव नारळाकडं होते. सत्यशीलाबाईंना वाटलं, वेळ थोडा आहे, निदान मशीन लावून ठेवू. त्या तीन नंबरसमोर बसल्या आणि स्पेस अडकत नाही ह्याचं त्यांना नवल वाटलं. शेजारी दादाजी. त्यानं विचारलं, बाई, जुनं काढलं का? बाई म्हणाल्या, जुना ब्राउझर नवा आल्यावर काढायचा, भाऊ. दादाजी म्हणाला, तसं नाई चालत, आधी आतलं काढा, मंग नवं. तीस वर्षं तलाव पाहिलेल्या माणसाचं बोलणं होतं, आणि बाईंना ते व्यवस्थितपणाला धरून वाटलं. टायपिंगच्या मशीनलाही त्या रोज ब्रश मारायच्या. त्यांनी शोधलं तर खरंच तशी सोय होती: पाहिलेली पानं, लिहिलेले शब्द, सगळी नोंद. चौकोन होते, त्यांनी एकेकावर टिक केली. मग मशीननं विचारलं की हे सगळं कायमचं पुसायचं आहे ना. बाईंनी ते मराठीत करून दादाजीला विचारलं, कारण मशीननं विचारलं आहे तर कुणीतरी मोठ्यानं हो म्हणायला हवं.

"पुसा बाई," दादाजी म्हणाला. "एक बी शिल्लक नको ठेवू."

प्रवीण आत आला तेव्हा दोन वाजून अठरा मिनिटं झाली होती. बाई उठल्या, त्यांनी खुर्ची दिली, म्हणाल्या, सगळं साफ करून ठेवलं बरं का, तुमच्या बाबांनी आठवण दिली म्हणून. त्यानं ऐकलं. तो बसला. चौकट पांढरी होती, ती नेहमीच पांढरी असते. त्यानं 'पी' दाबला. चौकटीत एक 'पी' उमटला आणि त्याच्यापुढं ती उभी रेघ लुकलुकत राहिली. खाली काही उघडलं नाही. त्यानं 'पी' पुसला आणि 'ए' दाबला. मग 'बी'. मग 'डी'. मग त्यानं सगळी अक्षरं ओळीनं दाबली, सव्वीसच्या सव्वीस, सात महिन्यांचं काम मिनिटभरात, आणि बाई मागून कौतुकानं बघत होत्या की पोरगा किती भरभर टाइप करतो.

काहीतरी लागायला पाहिजे होतं. त्यानं थोडा वेळ त्याची वाट पाहिली. कूलरच्या पाण्याचा वास येत होता. बाहेर झिंगू कुणाला तरी सांगत होता की खिडकी बसवायची तर भिंत आपली लागते, ती देत नाहीत. दादाजीनं हात पुढं केला आणि कीबोर्डाच्या कडेवरून, मासोळीच्या अंगावरून फिरवावा तसा, उलट्या बोटांनी एकदा फिरवला.

"इथीच बसे ना थो?"

"हो बाबा."

"साफ करून देल्ली त्याची जागा," दादाजी म्हणाला. त्याचा चेहरा कितीतरी महिन्यांनी जरा सैल दिसत होता. पोराच्या कामाला आपला हात लागला, एवढं त्याला पुरलं होतं. "आता नवं बीज टिकन."

प्रवीणच्या तोंडात एक वाक्य आलं. ते चार शब्दांचं होतं आणि ते म्हटलं असतं तर बाप तिथंच, त्या खुर्चीत, म्हातारा झाला असता. प्रवीणनं ते गिळलं. घशातून खाली जाताना ते लागलं, ते मात्र त्याला स्पष्ट लागलं. तो म्हणाला, "चांगलं केलं बाबा." आणि उठून बापाला पाणी आणून दिलं.

अडीच वाजता गुणवंतरावांनी नारळ फोडला, शटरच्या कडेवर. पान उघडलं नाही. पुन्हा दाबलं, उघडलं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी इंग्रजीत एक ओळ आली आणि गुणवंतरावांनी ती बाहेर येऊन चिंचेखाली जाहीर केली, की तिकडं गर्दी आहे. लोकांना ते पटलं. वाटपाच्या ठिकाणी गर्दी असतेच. झिंगूच्या बुढीनं विचारलं की आपला नंबर कितवा, आणि सत्यशीलाबाईंनी यादीत बघून सांगितलं, एकशे छत्तीस. खोबरं वाटण्यात आलं. चार वाजेपर्यंत चिंचेखाली राशनकार्डाच्या दोन झेरॉक्स आणि एक चप्पल राहिली. विक्रम झाला म्हणे, कुरखेड्याशिवाय. दादाजी सायकलवर टांग टाकताना म्हणाला की पहिल्या दिवशी बीज येतच नाही, गाडी मागंपुढं होते.

बुधवारी सकाळी दहा वाजता, दुकानात कुणी नसताना, नवा ब्राउझर आला. पन्नास मिनिटं लागली. प्रवीण रेघ भरताना बघत बसला होता. नवा ब्राउझर उघडला, छान होता, कडा गोल होत्या, आणि उघडल्या उघडल्या त्यानं पहिली गोष्ट विचारली ती ही, की तुमच्या जुन्या ब्राउझरमधलं सगळं इकडं आणू का? लिहिलेले शब्द वगैरे. काही काढायची गरज नव्हती. तो जुन्याला खात नव्हता आणि जुना त्याला खात नव्हता. एकाच तलावात राहायची त्यांची तयारी होती. प्रवीणनं 'हो' दाबलं. ब्राउझरनं शोधलं, प्रामाणिकपणे शोधलं, एक गोल फिरत राहिला, चिखलात हात घालून बसलेल्या माणसाइतका वेळ. मग म्हणाला की काम पूर्ण झालं, आणलेल्या नोंदी शून्य.

काई नाई तिथी.

प्रवीणनं मशीन बंद केलं. नीट, पडदा काळा होईपर्यंत बसून, बंद केलं. मग मागच्या खोलीत जाऊन सत्यशीलाबाईंच्या टाइपरायटरवर, मराठी कीबोर्डाच्या, ज्याला कुणी काय लिहिलं ते आठवत नाही अशा त्या यंत्रावर, त्यानं अर्ज केला. दुहेरी. सोबत राशनकार्डाची आणि मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडली, दोन्ही बाजू. झेरॉक्स दुकानातलीच होती. बाईंनी वाचून शुद्धलेखन तपासायला मागितला तेव्हा तो म्हणाला की खाजगी आहे, आणि त्यांनी मागितला म्हणून मग देऊनही टाकला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, आणि आवक क्रमांक घातला.

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
जुना ब्राउझर विभाग.
(पत्ता मिळाल्यावर भरणे)

विषय : तीन नंबर मशीनमधून काढण्यात आलेल्या अक्षरांबाबत.
संदर्भ : आमचे वडील यांची तोंडी परवानगी, मंगळवार, दुपारी २ वा. १० मि.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, अर्जदाराचा लहान भाऊ कै. मिथुन दादाजी मारबते, वय २१, याची अक्षरे सदर मशीनमध्ये होती. ती काढण्यात वडिलांची चूक नाही, तलावाची तशी रीत आहे. तरी त्यांना याबाबत कोणताही पत्रव्यवहार करू नये. पंचवीस अक्षरे अर्जदारास पाठ असल्याने ती परत नकोत. 'पी' हे अक्षर अर्जदाराने वेळेत दाबले नाही. करिता त्या अक्षराखाली काय होते एवढेच लेखी कळविण्यात यावे. आणि काहीच नव्हते असे आपल्या नोंदीत आढळल्यास तसे न कळवता सदर अर्ज कायमस्वरूपी प्रलंबित ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.